अर्ध्या ओळीवर संपलेली टेप

"या अकरा टेपा पुसून टाक," साहेब चौथ्यांदा म्हणाले. "आपल्या भागाची एकच भाषा, एकच गाणं. लोकगीतांच्या पुस्तिकेत तसं छापून झालंय."

रेकॉर्डिस्ट बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. महिनाभर गाणी टिपत तिने वीटभट्ट्या पालथ्या घातल्या होत्या. चाळीसपैकी अकरा टेपांवरची गाणी अशा बोलीत होती, जिचं नाव कुठल्याच यादीत सापडत नव्हतं.

"नोकरीवर पाणी सोडायचं असेल तर खुशाल ठेव."

"पुसायच्या आधी एकदा ऐका तरी," असं म्हणून तिने उत्तराची वाट न बघता बटण दाबलं.

भट्टीवरच्या म्हातारीची अंगाई स्टुडिओभर पसरली. साहेब घड्याळाकडे बघत टेबलावर पेन आपटत होते. मग पेन थांबलं. दुसऱ्या कडव्यात, अर्ध्या ओळीवर टेप संपली. भट्टीवर टेप बदलायला बाईला उशीर झाला होता, तिची एवढीच एक चूक.

चकती रिकामीच फिरत राहिली. आणि ती उरलेली ओळ साहेबांनी पुरी केली. हळू आवाजात, त्याच बोलीत, एकही शब्द न अडखळता.

भानावर आल्यावर त्यांनी आधी दाराकडे पाहिलं.

"आई म्हणायची," ते पुटपुटले. "पण ही बोली चारचौघांत बोलायची नाही, अशी शपथ घातली होती तिनं."

बाईने उठून दार लावलं, यंत्रात कोरी टेप चढवली आणि माईक त्यांच्यापुढे सरकवला.

"पुढचं कडवं माझ्याकडे नाही," ती म्हणाली.