आसरांची बोटं

मेघालीची दोन बाळंतपणं वाया गेली. दोन्ही खेपांना आठव्या महिन्यात पोटातली हालचाल एकाएकी थांबली आणि मेलेलं मूल हाती आलं.

सासू आनंदीबाईंना कारण ठाऊक होतं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत मेघालीच्या तळहातांवर, तळपायांवर तांबूस डाग उठले होते. खाज नाही, दुखणं नाही. जसे आले तसे गेले. "इहिरीतल्या आसरा हायेत त्या," आनंदीबाई म्हणाल्या. "बोटं उमटवून गेल्यात. पोर जगू द्यायच्या न्हाईत."

तेव्हापासून त्या जलदेवतांच्या भीतीनं मेघाली विहिरीवर एकटी जात नसे. पाण्यात वाकून बघितलं, की आपल्यामागून आणखी कुणी वाकलंय असं वाटे.

२००५ साली तिसऱ्यांदा दिवस गेले. भिवंडीच्या सरकारी दवाखान्यात रक्त घेतलं. पुढच्या भेटीत डॉक्टरीण बाईंनी दार लोटून घेतलं आणि विचारलं, "हातापायांवर कधी डाग आले होते? न खाजणारे?"

मेघालीच्या अंगावर काटा आला. हे हिला कुणी सांगितलं?

"आलते. पन गेले."

"डाग जातात, रोग जात नाही. सिफिलिस. आपल्याकडे गरमी म्हणतात. रक्तात गुपचूप राहतो, पोटातल्या बाळाला धरतो. इंजेक्शनांनी बरा होतो. पण नवऱ्यालाही आणा."

म्हणजे ते विहिरीत नव्हतंच. इतकी वर्षं तिच्याच अंगात होतं.

तिचा नवरा नवशा वडपे गावातल्या गोदामात माल चढवायचा. मेघालीनं घरी येऊन सांगितलं, तसा तो म्हणाला, "लग्नाआधी जखम झालती, नको त्या जागी. दुखत नव्हती. आपोआप भरली. मंग हातावर डाग आलं, तेबी गेलं. मला वाटलं, मिटलं."

"अन् मी आसरांच्या पाया पडत व्हते," मेघाली म्हणाली. पुढे कितीतरी दिवस ती त्याच्याशी बोलली नाही.

दोघांनी दर आठवड्याला इंजेक्शनं घेतली. आठव्या महिन्यात एका दुपारी पोट पुन्हा गप्प झालं. मेघाली हातातलं निवडणं टाकून भिंतीला टेकली. घरात कुणी नव्हतं. मागे कुणीतरी वाकून उभं आहे असं तिला वाटलं, पण मान वळवायचा धीर होईना. उन्हं कलली, तेव्हा आतून लाथ बसली.

मुलगी झाली, रडतच आली. तिचंही रक्त तपासलं, चांगलं निघालं. आनंदीबाई खणनारळ घेऊन विहिरीवर गेल्या. मेघालीनं त्यांना अडवलं नाही.

नवशानं लेकीला घ्यायला हात पुढे केले.

"थांबा जरा," मेघाली म्हणाली, आणि बराच वेळ तिनं पोर दिली नाही.