फोटोत न दिसणारे स्टूल

मी एक जुने स्टूल आहे, मित्रांनो. गोल बैठकीचे, तीन पायांचे, मधोमध लोखंडी आटे असलेले. मला गरगर फिरवले की मी वर-खाली होते. एका फोटो स्टुडिओत माझे सारे आयुष्य गेले. गावातल्या बहुतेक सगळ्यांनी माझ्यावर बसून फोटो काढून घेतले, पण त्यातल्या एकाही फोटोत मी नाही. फोटो छातीपर्यंतच असतो. याचे मला फार वाईट वाटते अशातला भाग नाही, पण वाटतच नाही असेही म्हणवत नाही.

सुताराने मला एका मोडक्या दाराच्या फळीतून घडवले. माझ्या बुडाशी अजून बिजागरीची खाच आहे. मला विकत घेणारे फोटोवाले तेव्हा तरुण होते. लोक त्यांना मास्तर म्हणत. त्यांनी कधी कुठल्या शाळेत शिकवले नव्हते, पण गिऱ्हाइकाला बसवत मात्र वर्गातल्यासारखे. हनुवटी वर, खांदे सरळ, हलायचे नाही.

त्या काळी फिल्म महाग होती. एक फोटो बिघडला की खिशाला चाट बसायची. म्हणून मास्तरांनी एक पद्धत बसवली. कॅमेऱ्याचा स्टँड त्यांनी एका उंचीवर कायमचा आवळून टाकला, त्याच्या पायांखाली फरशीवर रंगाचे ठिपके दिले आणि कॅमेऱ्याला एक दोरी बांधली. दोरीची गाठ गिऱ्हाइकाच्या नाकाशी आली की अंतर बरोबर. आता नाक त्या गाठीपर्यंत आणायचे काम माझे. बुटका माणूस आला की मला वर फिरवत, उंच आला की खाली. कॅमेरा जागचा हलत नसे. मास्तरांचा फोटो कधी पुसट आला नाही की वाया गेला नाही. लोक त्यांची तारीफ करत आणि थोडी मीही मनातल्या मनात वाटून घेत असे.

मला मात्र एक गोष्ट रोज जाणवे. मला वर फिरवले की माणसाचे पाय लोंबकळत. पाय लोंबकळले की तो दोन्ही हातांनी माझी कड घट्ट धरी, त्याचे खांदे कानांकडे जात आणि मान ताठ होई. उंच माणसाचे गुडघे पोटाशी येत, तो वेगळाच अवघडलेला. पण हे पाहायला कोण जाते? शिवाय तेव्हा फोटोत ताठ दिसणे हेच शोभून दिसते असे मानत. मी काही बोलू शकले असते तर बोलले असते.

पुढे प्रत्येकाच्या खिशात कॅमेऱ्याचा फोन आला आणि माझ्यावर धूळ बसू लागली. मास्तर दुपारभर माझ्यावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवून बाहेर पायरीवर बसत. शेजारच्या औषधवाल्यांना आपले दुकान वाढवायचे होते. मधली भिंत पाडून हा गाळाही घ्यावा असे त्यांनी सुचवले आणि मास्तरांनी मान जवळजवळ हलवलीच.

त्यांची मुलगी आडवी आली. तिला घरात छबी म्हणतात. ती दुसऱ्या एका स्टुडिओत पंख्यांचे आणि मिक्सरचे फोटो काढायच्या नोकरीला होती. तिला माणसांचे चेहरे टिपायचे होते. तिने नोकरी सोडली आणि वडिलांकडे महिनाअखेरपर्यंतची मुदत मागितली. तोवर गिऱ्हाईक वळले नाही तर भिंत पाडायची आणि तिने पुन्हा मिक्सरकडे जायचे, असे ठरले.

छबी कामाला लागली. दाराशी लावलेल्या नमुन्यांत एक नवरा-नवरी उन्हाने पार निळे पडले होते. ते काढून तिने ताजे फोटो लावले, तेही ज्याचे त्याला विचारून. कशाला किती पडतील ते दारावरच लिहिले, म्हणजे आत यायला कोणी बिचकायला नको. कोपऱ्यात आरसा, कंगवा आणि पिशवी अडकवायला खुंटी आली. समोरून तोंडावर मारणारा दिवा तिने बाजूला नेला आणि दुसऱ्या बाजूला पांढरा पडदा उभा केला, तशा डोळ्यांखालच्या सावल्या विरल्या. फोटो कशासाठी हवा आहे हे ती आधी विचारी. काढलेले सगळे फोटो न दाखवता त्यातले निवडक तेवढेच दाखवी, कारण ढीग पाहिला की गिऱ्हाईक गोंधळते आणि उद्या सांगतो म्हणून जाते ते जातेच. सांगितलेल्या दिवशी फोटो हातात देई. मास्तर हे सगळे पायरीवरून पाहत. नव्याचे नऊ दिवस, असे ते औषधवाल्यांना म्हणाल्याचे मी ऐकले.

लोक आले खरे, पण एकदाच. फोटो बघून बरा आहे म्हणत आणि पुन्हा फिरकत नसत. मग एक दिवस शिंपीणकाकू आल्या. त्यांना शिवणाच्या क्लासच्या पाटीवर लावायला फोटो हवा होता. छबीने सगळे मनापासून केले. काकूंनी फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"फोटो छान आहे गं," त्या म्हणाल्या, "पण ही बाई कुणाचे कपडे वेळेवर देईल असं वाटत नाही."

त्या फोटो न घेताच गेल्या. छबीचा चेहरा एवढासा झाला. ती तशीच येऊन माझ्यावर बसली, काकूंसाठी मला जेवढे वर फिरवले होते तेवढ्याच उंचीवर. तीही वडिलांसारखी बुटकी. थोड्या वेळाने तिचे हात माझ्या कडेवर घट्ट आवळले गेले. तिने हातांकडे पाहिले, मग खाली पायांकडे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे झाले होते. तिने उठून मला खाली फिरवले आणि पुन्हा बसून पाहिले. तिचे खांदे उतरले. मला तर हर्षच झाला. पण आता कॅमेरा तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत होता आणि स्टँड गंजून जागीच बसला होता. तिने हातोडी आणली.

ठोकल्याचा आवाज ऐकून मास्तर धावत आत आले.

"इतक्या वर्षांत माझा एक फोटो वाया गेला नाही त्या स्टँडवर," ते म्हणाले. "तो हलवायचा नाही."

"बाबा, तुम्ही कधी या स्टुलावर बसलात?"

ते कधीच बसले नव्हते. स्टुडिओ त्यांचा, पण त्यांचा फोटो काढणार कोण? छबीने मला फिरवून पूर्वीच्या उंचीवर आणले आणि नुसते बोट दाखवले. मास्तर तणतणत बसले. त्यांचे पाय लोंबकळले. ती कॅमेऱ्यामागे गेली आणि त्यांच्याच सुरात म्हणाली, हनुवटी वर, खांदे सरळ, हलायचे नाही. मास्तरांनी माझी कड धरली. ती पकड माझ्या ओळखीची होती. गावातल्या प्रत्येकाने मला तसेच धरले होते. मला त्यांची फार दया आली.

"सगळे असेच बसायचे का गं?" त्यांनी विचारले.

छबीने होकारार्थी मान हलवली. मास्तर उतरले, त्यांनी तिच्या हातातली हातोडी घेतली आणि स्वतःच ठोकून स्टँड मोकळा केला.

त्या दिवसापासून आधी माझी उंची पायांवरून ठरते आणि मग कॅमेरा तिथे येतो. शिंपीणकाकूंना मास्तरांनी निरोप धाडून बोलावले. दुसऱ्या फोटोला पैसे घेतले नाहीत. तो फोटो पाटीवर लागला आणि पाटी बघून क्लासच्या बायका स्टुडिओत आल्या, मग त्यांची घरची माणसे.

महिनाअखेरीला औषधवाले उत्तर मागायला आले. मास्तर म्हणाले, आधी बसा. औषधवाले चांगले उंच. मास्तरांनी त्यांचे गुडघे सैल पडेपर्यंत मला वर केले आणि स्टँड उंच केला. मग नातवाची चौकशी केली. औषधवाले नातवाच्या खोड्या सांगण्यात रंगले आणि फोटो निघाला. तो पाहून ते म्हणाले की आईचाही असा एक काढून घ्यायला हवा, ती आता थकली आहे. मग त्यांना आपले काम आठवले आणि त्यांनी भिंतीचे काय ठरले ते विचारले.

मास्तर कॅमेऱ्याची काच पुसत होते.

"ते छबीला विचारा," ते म्हणाले. "दुकान तिचं आहे."

छबी कोपऱ्यात फोटो कापत होती. तिचा हात थांबला. वडिलांनी हे तिला आधी सांगितले नव्हते.

"भिंत राहू द्या, काका," ती म्हणाली. "आजींना कधी आणताय ते सांगा."

मित्रांनो, माझे आटे आता करकरतात. कोणाला आठवण झालीच तर तेलाचा एखादा थेंब द्यावा, एवढेच माझे मागणे. आणि तुमच्या घरी, दुकानात किंवा वर्गात कोणी नवे माणूस आले, तर त्याला बसा म्हणून मोकळे होऊ नका. त्याचे पाय टेकले आहेत ना, ते वाकून बघा.