तऱ्हेतऱ्हेच्या किल्ल्या

"बाई, तुमच्या गठ्ठ्यात अकरा ठिकाणी चूक बरोबर झालीय," मुख्य परीक्षक म्हणाले आणि त्यांनी हिरव्या पेनाचं टोपण काढलं.

"चूक बरोबर झालेली नाही, सर," बाई म्हणाल्या. "बरोबरच बरोबर झालंय."

आवाज नेहमीसारखाच, शेजारच्या बाकावर जेमतेम पोचेल इतका. एकतीस वर्षं इंग्रजी शिकवून बाईंचा आवाज कधी चढला नव्हता. वर्गात गलका झाला की त्या आणखी हळू बोलायच्या, आणि ऐकू यावं म्हणून पोरं आपणहून गप्प व्हायची.

पेपर तपासायला दिलेला हॉल सुट्टी लागलेल्या एका शाळेचा होता. बाक पंधरा वर्षांच्या पोरांच्या मापाचे, त्यामुळे चाळीस परीक्षक गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. तपासणाऱ्यांनी लाल पेन वापरायचं, त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्याने हिरवं. हिरव्याने लाल खोडलं की विषय संपला.

भांडण एका शब्दाचं होतं. टेबलावर तऱ्हेतऱ्हेची पुस्तकं आहेत, असं इंग्रजीत म्हणायचं. 'अ व्हरायटी ऑफ बुक्स' इथपर्यंत छापलेलं, पुढे रिकामी जागा, आणि निवडायला दोन शब्द : 'इज' किंवा 'आर'. गुण एक. वरून आलेल्या उत्तरसूचीत 'इज' होतं. अकरा पोरांनी 'आर' लिहिलं होतं आणि बाईंनी अकराही जणांच्या पदरात पुरता गुण टाकला होता.

शेजारच्या बाकावरचे अर्धेसर खाली वाकले. त्यांचं खरं आडनाव कुणाच्या लक्षात नव्हतं. उत्तर कसंही असलं तरी ते अर्धा गुण देत, म्हणून अर्धेसर.

"बाई, अर्धा द्या आणि मोकळ्या व्हा," ते कुजबुजले. "अर्ध्याला कुणी विचारत नाही. माझी सगळी नोकरी अर्ध्यावर गेली."

"अर्धं 'आर' कसं लिहितात, सर?"

अर्धेसरांनी पुन्हा गठ्ठ्यात डोकं घातलं.

मुख्य परीक्षक उभेच होते. चाळिशीचे, कानाशी नुकते पिकायला लागलेले. त्यांनी हिरवं पेन टेकवलं नाही. "बाई, जरा आत येता का?" ते हळूच म्हणाले.

बाईंना कळलं, त्यांना हे चारचौघांत खोडायचं नव्हतं. पंचवीस वर्षांपूर्वी हाच मुलगा त्यांच्या वर्गात दुसऱ्या रांगेत बसायचा, आणि फळा पुसायला सगळ्यात आधी उठायचा.

सकाळी घरी हाच विषय निघाला होता. बाईंचे यजमान लिफ्ट दुरुस्तीच्या कामावरून निवृत्त झालेले. आता कुठे जायचं नसलं तरी रोज बुटांना पॉलिश करायचे.

"अगं, नियम चुकला तर बदलायचा. त्यात काय एवढं?"

"बदललाय. या वर्षी वर्गात 'आर'च शिकवलं."

"आणि आधीचं चुकलं होतं, हे सांगितलंस?"

बाई डबा पुसत राहिल्या. पुसून झालेला डबा त्यांनी पुन्हा पुसला.

"म्हणजे पाटी न लावता लिफ्ट दुरुस्त केलीस," यजमान बुटाला ब्रश मारत म्हणाले. "आमच्यात पहिला नियम काय? आधी दारावर 'बिघाड आहे' अशी पाटी, मग पान्याला हात. पाटी नसली की माणूस सवयीने दार उघडतो आणि पाय टाकतो."

चूक त्यांनी सुधारली होती, कबूल केली नव्हती. दोन्हींत केवढं अंतर आहे, ते त्यांनाच माहीत होतं.

ती चूक त्यांना दाखवली गेल्या वर्षीच्या एका मुलीने. तिचे वडील रस्त्याच्या कडेला टपरीत किल्ल्या बनवायचे. बाई फळ्यावर आपला नेहमीचा नियम लिहीत होत्या आणि ही तिसऱ्या बाकावरून उठली.

"बाई, बाबांचा किल्ल्यांचा जुडगा हरवला, असं म्हणतो. हरवला कोण, तर जुडगा. पण टपरीवर तऱ्हेतऱ्हेच्या किल्ल्या लटकतात, असंच म्हणतो ना? लटकतात त्या किल्ल्या. तऱ्हा थोडीच लटकते? मग इंग्रजीत तऱ्हेला का धरून बसायचं?"

वर्ग हसला. बाईंनी तिला शांतपणे सांगितलं की इंग्रजी तुझ्या बाबांच्या टपरीवर चालत नाही. आणि 'इज' घालून ते वाक्य वीस वेळा लिहून आणायला लावलं. तिने आणलं. अक्षर मोत्यासारखं, एक खाडाखोड नाही. त्या वीस ओळींनी बाईंना दोन दिवस घास गोड लागू दिला नाही. तिसऱ्या दिवशी त्या वाचनालयात गेल्या आणि तीन जाडजूड व्याकरणं उघडून बसल्या. तिन्हींत मुलीचंच म्हणणं होतं. 'अ बंच ऑफ कीज' म्हटलं की 'इज', कारण जुडगा एक. 'अ व्हरायटी ऑफ कीज' म्हटलं की 'आर', कारण तिथे 'व्हरायटी' म्हणजे नुसतं 'तऱ्हेतऱ्हेच्या'; बोलणं सगळं किल्ल्यांबद्दलच. हां, 'द व्हरायटी' म्हणून सुरुवात केली तर गोष्ट निराळी, मग बोलणं त्या विविधतेबद्दल, आणि तिथे 'इज' खुशाल बसतं. इतकं सरळ. पण तिला ते सांगायचं उद्यावर ढकलता ढकलता निकाल लागला आणि मुलगी शाळा सोडून गेली. पुढच्या वर्षी बाईंनी गुपचूप फळ्यावर 'आर' लिहिलं आणि तास पुढे चालवला.

हॉलला लागून शाळेची प्रयोगशाळा होती, तीच सध्या मुख्य परीक्षकांची खोली. काचेच्या बाटल्यांमधून जागा करून त्यांनी दोन खुर्च्या मांडल्या होत्या. बाई बसल्यावर ते बसले.

"बाई, 'ऑफ'च्या आधी थांबावं," ते म्हणाले, "'ऑफ'च्या पुढे न जावं."

बाईंनी आपलीच ओळ ओळखली : क्रियापद 'ऑफ'च्या आधीच्या शब्दाप्रमाणे.

"हे तुम्ही शिकवलंत. नोकरीच्या मुलाखतीत मला नेमका हाच प्रश्न आला होता. मी हेच म्हणून दाखवलं, साहेब खूश झाले. मुलं तुम्हाला इजबाई म्हणायची, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"ठाऊक आहे. तूही म्हणायचास."

सकाळपासूनचं 'सर' कुठे गळून पडलं, ते दोघांनाही कळलं नाही. मुख्य परीक्षकांनी मान खाली घातली.

"तो नियम जुडग्याला चालतो, घोळक्याला चालतो," बाई म्हणाल्या. "व्हरायटीला चालत नाही. मी सगळ्यांना एकाच काठीने हाकलं. चुकलं माझं."

"बाई, हॉलमध्ये तुमच्या हाताखालून गेलेले सहा जण बसलेत. सहाही जण 'इज' धरून तपासतायत, आणि आज आपापल्या शाळेत तेच शिकवतायत. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुम्ही उत्तरसूचीवर सही करा, ते अकरा गुण मी खोडतो, कुणाला काही कळणार नाही. पुढच्या वर्षी तुम्ही निवृत्त. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"मुठीत काही नाही हे मला कळलंय. आता झाकून धरली की हात दुखतो."

"लोक काय म्हणतील, सांगू? या वर्षी इजबाईंच्या वर्गाने 'आर' लिहिलंय, म्हणून बाईंना एकाएकी 'आर'चा पुळका आलाय."

हे मात्र लागलं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"म्हणोत. माझ्या पोरांचे पेपर दुसऱ्या केंद्रावर आहेत. हे अकरा जण कोण, कुठले, मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की त्यांनी बरोबर लिहिलंय आणि तू ते माझ्याच नियमाने खोडणार आहेस."

"मला वर उत्तर द्यावं लागतं, बाई. सूची न मानणाऱ्याला मी तपासायला बसवू शकत नाही."

"मग बसवू नकोस. पण वर एक कागद पाठव."

त्यांनी तिथेच कागद मागितला आणि लिहिला. 'आर' हे उत्तर बरोबर आहे, त्याला गुण द्यावा. 'इज' लिहिणाऱ्यांनाही या वर्षी गुण द्यावा, कारण त्यांना तसंच शिकवलं गेलं आहे. शिकवणाऱ्यांमध्ये मी आहे. खाली पूर्ण नाव, हुद्दा, नोकरीची वर्षं. कागद त्यांच्या हातात देऊन बाई हॉलमध्ये आल्या, पण आपल्या बाकाकडे गेल्या नाहीत. फळ्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"जरा इकडे लक्ष द्या," त्या हळू म्हणाल्या.

पेनं थांबली. काहींनी नुसती सवयीने मान वर केली.

"इथले काही जण माझ्याकडे शिकलेत. 'ऑफ'च्या आधी थांबावं, असं मी तुम्हाला शिकवलं होतं. 'अ व्हरायटी ऑफ'ला ते लागू नाही. तिथे 'ऑफ'च्या पुढे जायचं असतं. पुस्तकं अनेक, म्हणून 'आर'. मी तीस वर्षं चुकीचं शिकवलं. एका विद्यार्थिनीने चूक दाखवली तेव्हा तिलाच शिक्षा केली. तुम्ही पुढे कुणाला हे शिकवलं असेल तर जून महिन्यात वर्गात सांगा की चुकलं होतं. नुसतं फळ्यावर बदलू नका. सांगा."

खिडकीजवळची एक तरुण परीक्षक हातातल्या पेपराकडे बघत राहिली. मागून कुणीतरी म्हणालं, "आता दोन हजार पेपर परत उलटायचे का?" दोघं-तिघं हसले. अर्धेसर हसले नाहीत. त्यांनी समोरचा पेपर उलटा केला, तो 'व्हरायटी'चा प्रश्न शोधला, आणि बाईंना दिसलं की त्यांचं लाल पेन कधी नव्हे ते अर्ध्यावर न थांबता पुढे सरकलं.

दाराशी नोंदवही सांभाळणारे लेखनिक बसायचे, त्यांना सगळे भाऊ म्हणत. त्यांनी वही फिरवून बाईंपुढे केली. फळ्यापाशीचं बोलणं ऐकूनच त्यांनी नावापुढे 'कार्यमुक्त' असं लिहून ठेवलं होतं.

"इथे कारण लिहायचं, बाई. 'प्रकृती अस्वास्थ्य' लिहा. सगळे तेच लिहितात, वरचे काही विचारत नाहीत."

"माझी प्रकृती ठणठणीत आहे, भाऊ."

"ते दिसतंय हो. पण रकाना लहान आहे. मोठं कारण मावायचं नाही."

बाईंनी पेन घेतलं आणि बारीक अक्षरात लिहिलं : 'प्रकृती उत्तम. उत्तरसूची अमान्य.' रकान्यात बरोबर मावलं. भाऊंनी वाचलं, ओठांत हसू दाबलं आणि शाई वाळावी म्हणून वही उघडीच ठेवली.

बाई आपली पिशवी घ्यायला बाकाकडे वळल्या. प्रयोगशाळेच्या दारातून मुख्य परीक्षक आत आले, बाईंचा कागद घडी न करता हातात धरलेला. ते समोरच्या खुर्चीत बसले, पण बाई पिशवी खांद्याला लावून दाराकडे निघाल्या तसे पुन्हा उठले. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये एकटेच उभे, हात बाजूला सोडून, तास संपल्यावर मुलं उभी राहतात तसे.

बाई त्यांच्यासमोरून गेल्या. थांबल्या नाहीत, आणि 'खाली बस' असंही म्हणाल्या नाहीत.