बांगडीवाली

रुग्णालयातल्या त्या विभागात, डॉक्टर असूनही, तिला सगळे ‘बांगडीवाली’ म्हणत. हे नाव मोठ्या सरांनी ठेवलेलं. बारीक नळी घेऊन रक्तवाहिनीत शिरायचं ते जांघेतूनच, हा सरांचा जुना खाक्या. ही बया मनगटातून शिरायची आणि काम झालं की रक्त थांबवायला तिथे हवा भरलेला पारदर्शक पट्टा बांधायची. “हातात बांगड्या भरल्यात, दुसरं काय!” असं सर चहा पिता पिता सगळ्यांदेखत म्हणायचे. ती हसण्यावारी न्यायची, पण आतून तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मग सरांची थोरली बहीणच दाखल झाली. आक्कांच्या मूत्रपिंडाची रक्तवाहिनी आवळली होती आणि रक्तदाब औषधांना भीक घालत नव्हता. आत स्टेंट बसवायचा होता. सख्ख्या बहिणीवर आपला हात चालणार नाही, म्हणून सरांनी नाइलाजाने काम तिच्याकडे सोपवलं. जांघेतूनच जायचं, असं वर बजावलं.

आक्का खाटेवर ताडकन उठून बसल्या. “मागच्या तपासणीला मांडी काळीनिळी पडली. या वाकड्या पाठीनं दिवसभर उताणी पडून होते मी. आता मनगटातून करा, नाहीतर ही मी निघाले घरी.”

“आक्का, तुला त्यातलं काय कळतं?”

“मांडी माझी आहे, एवढं कळतं.”

सर लालबुंद झाले आणि तिच्याकडे वळले. “नळी हातात अडकली, तर उद्यापासून या विभागात मनगट बंद.”

“चालेल,” ती म्हणाली. तिने आक्कांचं मनगट हातात घेतलं.

आणि नळी अडकलीच. नळी कोपरापर्यंत गेली नाही तोच धमनी आकसली आणि नळी तिच्या पकडीत गच्च सापडली. आक्का कळवळल्या. काचेपलीकडून सर माइकवर ओरडले, “ओढ! बाहेर काढ आणि जांघ घे!”

आकसलेल्या धमनीतून नळी ओढली तर धमनीच फाटते. सरांनाही ते ठाऊक होतं, पण आत त्यांची आक्का होती.

“सर, माइक बंद करा,” ती म्हणाली.

सरांना असं कधी कुणी म्हणालंच नव्हतं. तिने नळीतून धमनी सैल करणारं औषध सोडलं, कोपराखाली गरम टॉवेल गुंडाळला आणि आपले हात बाजूला घेऊन नुसती उभी राहिली.

“दुखतंय, आक्का?”

“दुखतंय. पण तू हटू नकोस.”

हळूहळू पकड सैल झाली. नळी पुढे सरकली, मूत्रपिंडापर्यंत पोचली. स्टेंट बसला.

थोड्या वेळाने आक्का उशीला टेकून बसल्या होत्या, मोकळ्या हातात चहाचा कप. सर आले. बहिणीच्या मनगटावरचा पट्टा त्यांनी बोटाने चाचपला. डोळे ओले होते.

“बघतोस काय?” आक्का म्हणाल्या. “भरली मी बांगडी.”

सर खाकरले. “डॉक्टर, तुम्ही आज...”

“बांगडीवालीच म्हणा, सर,” ती म्हणाली. “उद्याच्या पेशंटचंही मनगटच घेणार आहे.”