चार विती

महारुद्र तांब्यातून बारीक धार सोडत होता आणि बजरंग मिस्त्री त्या धारेखाली कटर चालवत होता. अंगणात काळा चिखल साचला होता. बेसिनचं भोक दुकानातच पाडून आणलेलं, त्यामुळं कडप्पा दोन्ही बाजूंनी सारखा कापायचा होता.

बजरंगनं मशीन थांबवलं.

"काका, धार हलू देऊ नका. भोकापाशी चीर गेली की संपलं. मग धुणं आपटायला ठेवा ह्याला."

"हलत न्हाय. चालव तू."

त्यानं तांब्या दोन्ही हातांनी धरला.

त्याच्या बायकोला, कमलबाईला, गुडघ्यांमुळं वाकवत नव्हतं. उभ्यानं तोंड धुता यावं, एवढंच तिनं मागितलं होतं. महारुद्रनं बेंबळीहून धाराशिवला जाऊन दगड आणला. तो न्हाणीत बसला नाही, आणि दोन वर्षं भिंतीला टेकून राहिला. कमलबाई शेवटपर्यंत वाकूनच तोंड धूत गेली. तिचं वर्षश्राद्ध परवावर आलं होतं. त्याच्या आत बेसिन लागायला हवं होतं. का, ते त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"जागा अठ्ठावीस इंच आन् दगड चौतीस," बजरंग म्हणाला. "माप कुणी घेतलं व्हतं?"

"तुझ्या काकूनं. चार विती म्हणाली."

"घ्या! टेप न्हवता व्हय घरात?"

"हातावर लई भरवसा तिचा. दगड उतरवणाऱ्या माणसांदेखत म्हणलं म्या, तुला साधं मोजता येत न्हाय."

"मग? काकू काय म्हणाल्या?"

"काय न्हाय. चहा ठेवते म्हणाली."

दुसरी पट्टीही खाली पडली. चीर गेली नाही. दोघांनी दगड उचलून न्हाणीत नेला. सिमेंटच्या ओल्या मालावर तो दोन भिंतींमध्ये नीट बसला. बजरंग थापी धुवायला बाहेर गेला.

महारुद्रनं ओल्या दगडावर हात ठेवला. अंगठा एका भिंतीला, करंगळी ताणून. एक. दोन. तीन. चौथी वीत मावेना, बोटं समोरच्या भिंतीला अडली. दुकानातही त्यानं हाच हात असाच चार वेळा ठेवला होता, आणि दुकानदारानं खडूनं रेघ मारली होती.

त्यानं बोटं थोडी आवळली. पुन्हा मोजलं. अजून आवळली. करंगळी बरीच आत आली, तेव्हा चौथी वीत बरोबर भिंतीला टेकली.

हात त्यानं तिथंच दाबून धरला.

"काका, जोर देऊ नका, माल ओला हाय," बजरंग दारातून म्हणाला. "बसलं का न्हाय झकास?"

"माप बरोबर व्हतं तिचं."

"आँ?"

महारुद्रनं सावकाश हात उचलला.

"काय न्हाय," तो म्हणाला. "चहा ठेवतो."