एकोणचाळिसावा अर्क

“मावशी, पिवळं! पिवळं झालं!”

आमच्या संशोधक ताई परीक्षानळी नाचवत बेसिनपाशी आल्या. बावीस वर्षं मी या प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुतेय. नळी अशी नाचवायची नसते, हे त्यांनाही ठाऊक आहे. पण त्या दिवशी त्यांना भान कुठलं!

समुद्रातली औषधी शेवाळं, स्पंज, शिंपले यांचे अर्क काढून ताई एका जांभळ्या द्रावणात घालायच्या. अर्कात शरीराची झीज रोखणारं अँटिऑक्सिडंट असलं, की जांभळं पिवळं पडतं. अडतीस अर्क झाले, जांभळं आपलं जांभळंच. आमचे प्रमुख, सर, बजावून गेले होते, “चाळीसपर्यंत काही निघालं नाही, तर हे काम बंद.” हा एकोणचाळिसावा, तपकिरी शेवाळाचा.

ताईंचे डोळे भरून आले होते आणि मला मात्र सकाळ आठवली.

सकाळी नळाचं पाणी गेलं होतं. तुलनेसाठी क जीवनसत्त्व वापरतात, त्याच्या पिपेटी, म्हणजे द्रव ओढून घ्यायच्या बारीक काचनळ्या, मी तीनऐवजी एकाच पाण्यातून काढल्या होत्या. त्यातलीच एक ताईंच्या हाती लागलेली. क जीवनसत्त्वाचा अंशही जांभळं पिवळं करतो.

गप्प बसले असते, तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

“ताई, ती पिपेट नीट धुतलेली नव्हती. चूक माझी आहे.”

ताई मटकन खाली बसल्या. “मावशी, आत्ता सांगताय? सरांना कळवलंसुद्धा मी!”

“मग काय उद्या सांगू?” लाज वाटली, की माझं तोंड जास्तच चालतं.

त्यांनी दुसरी, स्वच्छ पिपेट घेऊन नवी नळी भरली आणि अंधाऱ्या कपाटात ठेवली. अर्धा तास. बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभं राहावं, तशा दोघी उभ्या होतो.

कपाट उघडलं. रंग उतरला होता, पण पुरता पिवळा नाही. रंग मोजायच्या यंत्रावर आकडा आला, मघाचा निम्मा. तोवर सर आलेच.

“निम्मंच?”

“निम्मं आहे सर,” ताई म्हणाल्या, “पण शेवाळाचं आहे.”

सरांनी आकड्यांचा कागद हातात घेतला. “अजून तीनदा करा. हेच आलं, तर काम पुढे चालू.”

मी पिपेटींकडे हात केला, तर ताईंनी आधीच बाह्या वर सारल्या होत्या. “बसा मावशी. आज मी धुते.”

मी स्टुलावर बसले आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्या कुणाला तिथे काच धुताना पाहिलं. चांगली धूत होती पोरगी.