तळाचा श्वास

"आबा, वीस मीटर म्हणजे किती वाव?"

धर्माजीने जाळ्यातली सुई न थांबवता सांगून टाकलं, अकरा. वर हेही ऐकवलं, की दोन्ही हात ताणून दोरी धरली की एक वाव झाली, त्याला वही-पेन्सिल लागत नाही. नात तेजस्वी पडवीत पालथी पडून गणितं सोडवत होती. पोरगी अकरावी सायन्सला, रोज एसटीने मुरुडला जायची. उद्या तिचा वायूंच्या नियमांवर पेपर होता आणि एका बुडबुड्याने तिचं डोकं खाल्लं होतं.

वीस मीटर खोल तळाशी दोन घन सेंटिमीटरचा बुडबुडा सुटला, तर पाण्यावर येईपर्यंत तो केवढा होईल? तेजस्वीचं उत्तर येत होतं चार, आणि पुस्तकाच्या मागे छापलं होतं सहा. तासभर ती पुस्तक छापणाऱ्याला नावं ठेवत होती.

धर्माजीला हसू आलं. त्याची उभी हयात पाण्याखाली गेलेली. कुणाचा नांगर अडकला, कुणाचं जाळं खडकात गुंतलं, की बोलवा धर्माजीला. बुडबुडा वर येताना मोठा होतो हे काय पुस्तकाने सांगायचं? तळाशी वालाच्या दाण्याएवढा सुटतो आणि वर फुटतो तेव्हा बोराएवढा झालेला असतो. हे त्याने हजार वेळा बघितलं होतं. गावातली निम्मी पोरं बुडी मारायला त्याच्याकडेच शिकली, आणि प्रत्येकाला त्याने पहिला धडा तोच दिला: श्वास कोंडायचा, पाण्यावर डोकं निघेपर्यंत सोडायचा नाही. चाळीस वर्षं त्याच धड्यावर तो स्वतः वर येत राहिला होता.

तेवढ्यात पलीकडच्या आळीतून धड-धड-धड आवाज सुरू झाला आणि त्याचं हसू मावळलं. मंगळवार होता. भिकूने कॉम्प्रेसर चालू केला होता.

चार वर्षांपूर्वी याच कॉम्प्रेसरवर धर्माजीचा एकुलता एक मुलगा, तेजस्वीचा बाप विनेश, पाण्यात उतरला होता. दमावर बुडी मारण्याचे दिवस तोवर संपले होते. बोटीवर पंक्चरवाल्याकडे असतो तसला कॉम्प्रेसर ठेवायचा, लांब नळी सोडायची, नळीचं टोक तोंडात धरून माणूस खाली अर्धा-अर्धा तास राहायचा. त्या दिवशी अकरा वावांवर जाळं गुंतलं होतं. कॉम्प्रेसरपाशी भिकू होता आणि दोरी धर्माजीच्या हातात. विनेशने जाळं सोडवलं, दोरीला तीन झटके दिले आणि वर आला. आला तो तोंडातून लाल फेस घेऊनच. बापाकडे एकदा बघितलं त्याने. बोट धक्क्याला लागायच्या आत सगळं आटोपलं.

कागदावर लिहून आलं, बुडून मृत्यू. धर्माजीने गावाला सांगितलं, भिकूचं लक्ष नव्हतं, मशीन बंद पडलं, माझ्या पोराची हवा तुटली. भिकू पाया पडून सांगत राहिला की मशीन एक क्षण थांबलं नाही. पण पोटचा पोर गेलेल्या बापासमोर त्याचं कोण ऐकणार? त्याला कुणी बोटीवर घेईना. शेवटी अलिबागकडे कुणा मुंबईवाल्याच्या बंगल्यावर तो वॉचमन म्हणून लागला. मंगळवारी सुट्टीला घरी यायचा आणि ते मेलं मशीन चालवायचा. मुद्दाम जखमेवर मीठ चोळतोय, असंच धर्माजीला वाटायचं आणि तो मनातल्या मनात त्याला शिव्या घालायचा.

"सापडलं!" तेजस्वी उठून बसली. तळाशी तिने पाण्याचाच दाब धरला होता आणि पाण्यावरची हवा विसरली होती. दहा मीटर पाण्याला एक, वीसला दोन आणि वरच्या हवेचा एक, असे तळाशी तीन. वर आलं की उरला एक. दाब तिसऱ्या हिश्शावर आला, तर हवा तिप्पट फुगणार. दोनाचे सहा. पुस्तक बरोबर होतं.

तो आवाज कानात जाऊ नये म्हणून धर्माजीने काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, मग मी एवढी वर्षं बुड्या मारल्या, माझी छाती कशी नाही फुगली? पोरीला शिकवायला कुणीतरी हवंच होतं. ती म्हणाली, तुम्ही श्वास वरून भरून नेत होतात. खाली तो दबून तिसरा हिस्सा व्हायचा आणि वर आलात की पुन्हा होता तेवढा. जेवढा नेला तेवढाच आणला, मग कशाला काय होतंय?

धर्माजीची सुई थांबली.

"आन नळीची हवा?"

"ती वेगळी. ती खालीच भरलेली, तीनच्या दाबाची." तिने पेन्सिल उचलली. परीक्षेच्या नादात होती बिचारी. तळाशी छातीत पाच लिटर हवा धरली, दाब तीन. पाच त्रिक पंधरा. "पाण्यावर येईपर्यंत पंधरा लिटर. म्हणजे छाती फाटेलच. पण श्वास कोंडेल कशाला कोणी? सोडत सोडत यायचं, जास्तीची हवा आपोआप निघून जाते."

पंधराच्या खाली ती नेहमीप्रमाणे दोन रेघा मारायला गेली. एक मारली आणि तिचा हात राहिला. तिने मान वर केली.

धर्माजीला काही ऐकू येईना. मशीनसुद्धा ऐकू येईना. जाळ्याची सुई अंगठ्यात रुतली होती, ते कळायलाही त्याला वेळ लागला. त्याच्या डोळ्यांपुढे बोटीच्या कडेवर बसलेला विनेश होता, नळी तोंडात घ्यायच्या आधी बापाकडे बघणारा. आणि धर्माजीचा स्वतःचाच आवाज, मोठ्या तोऱ्यातला. देवा रे. चार वर्षं तो आवाज त्याला एकदाही आठवला नव्हता.

"मीच सांगितलं त्याला," तो म्हणाला. "तळाशी पोटभर श्वास घे आन कोंडून धर. वर येईपर्यंत सोडू नको. मीच."

तेजस्वीने ते पान हळूच फाडलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. का ठेवलं हे तिलाही सांगता आलं नसतं.

पान मुठीत धरून धर्माजी निघाला. पायात चपला नव्हत्या. सुकत घातलेल्या बोंबलांच्या बांबूच्या वलांडीखालून तो वाकून गेला. वाटेत कुणी हाक मारली, त्याला पत्ता नाही. भिकूच्या अंगणात पाऊल टाकलं तेव्हा भिकू दचकून उठला आणि त्याने धावत जाऊन कॉम्प्रेसर बंद केला. काही गुन्हा करताना सापडल्यासारखा उभा राहिला. चाळिशीचा माणूस, केस निम्मे पांढरे झालेले.

धर्माजीने पान पुढे केलं. सांगता येईल तसं सांगितलं. बुडबुडा, तीनचा दाब, पाच त्रिक पंधरा, कोंडायला सांगितलेला श्वास. शब्द मागेपुढे होत होते. भिकूने पान घेतलं, पण वाचलं नाही.

"ठाव हाय मला, काका," तो म्हणाला. "बंगल्यावर एक पाणबुड्यांना शिकवणारा पाहुणा आला होता. तीन वर्षं झाली. त्याला त्या दिवसाचं सांगितलं, तर त्याने विचारलं, वर येताना श्वास कोंडला होता काय."

"आन तू बोललास न्हाय?"

"तुमचा पोर गेला होता. त्यावर हे पन तुमच्या डोक्यावर ठेवू?"

धर्माजी तिथेच कॉम्प्रेसरशेजारी मातीत बसला. तीन वर्षं हा माणूस गावाच्या नजरा झेलत राहिला, परक्याचं फाटक उघडत-लावत राहिला, आणि सुटकेचा शब्द त्याच्या तोंडात होता. धर्माजीला माफी मागायची होती, पण ती कुठून सुरू करायची तेच सुचेना. त्याने भलतंच विचारलं.

"मंग दर मंगळवारी हे कशाला चालवतोस?"

भिकूने मशीनच्या तेलाच्या टाकीचं झाकण उघडून आत बघितलं. "बंद पडतं काय बघतो," तो म्हणाला. "मलाच कधी कधी वाटतं, पडलं असेल त्या दिवशी. माझंच लक्ष नसेल. म्हणून टाकी भरतो आन संपेपर्यंत बसतो."

"पडलं कधी?"

"न्हाय काका. एकदा पन न्हाय."

फाटकाशी तेजस्वी येऊन उभी होती, वही छातीशी धरून. धर्माजीने तिला हाताने जवळ बोलावलं आणि बाजूला बसवलं.

"चालू कर," तो भिकूला म्हणाला.

भिकूने टाकी भरली आणि मशीनची दोरी ओढली. धड-धड-धड आवाज अंगणात भरला. तिघं मशीनकडे बघत बसली. शेजारच्या बाया दारात आल्या, उभ्या राहिल्या, आत गेल्या. धर्माजीच्या अंगठ्यातून थोडं रक्त येत होतं, ते त्याने लेंग्याला पुसलं. टाकीतला शेवटचा थेंब संपेपर्यंत तो जागचा हलला नाही, आणि तोवर मशीन एकदाही थांबलं नाही.